खड्ड्याचा राखणदार

नगरपालिकेकडून भरपाई मिळत नाही असं म्हणणाऱ्या लोकांची मला कीव येते. मिळते हो! मागता आली पाहिजे! लोक काय करतात, खड्ड्यात गाडी घालतात, दोन शिव्या हासडतात आणि मुकाट्याने मेकॅनिकचं दार गाठतात. अर्ज नाही, पुरावा नाही, पाठपुरावा नाही. मग भरपाई काय आभाळातून पडणार?

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मी विमा कंपनीच्या दावे विभागात आहे. दावे विभाग म्हणजे जिथे दावे नाकारले जातात तो विभाग. आलेल्या दाव्यात खोट काढायची, हेच माझं काम. 'काचेची भांडी फुटली म्हणता, तुकडे कुठे आहेत?' नामंजूर! 'आधी रंग दिला आणि मग ओल दाखवली?' नामंजूर! 'तपासणी होण्याआधी वस्तूला हात लावला?' मग तर नामंजूरच नामंजूर! माझ्या टेबलावरून एखादा दावा चुकून मंजूर होऊन गेला, तर साहेब माझ्या तब्येतीची चौकशी करतात. आता तुम्हीच सांगा, दुसऱ्याच्या दाव्यातलं प्रत्येक भोक ज्याला दिसतं, त्याला स्वतःचा दावा बिनभोकाचा लिहिता येणार नाही?

तर त्या रविवारी मी बायकोची गाडी काढली.

'बायकोची' हे मुद्दाम सांगतोय. माझी बायको लोकांना गाडी चालवायला शिकवते. घराखालीच तिचं एका खोलीचं ऑफिस आहे, आणि सगळा धंदा एका पांढऱ्या गाडीवर. छपरावर 'शिकाऊ' असा पिवळा फलक आणि आत दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक तिच्या. निम्मं गाव तिच्या त्या दुसऱ्या ब्रेकमुळे आज हिंडतं-फिरतं आहे. या गाडीला हात लावायची मला सक्त मनाई. पण ती दुपारची झोपली होती, मला लाँड्रीतून कोट आणायचा होता आणि चावी समोर खुंटीवर लोंबत होती. माणसाने किती वेळ चावीकडे नुसतं बघत बसायचं?

लाँड्री कोपऱ्यावरच आहे. तिथला पाण्याचा पाइप कायम गळतो, त्यामुळे दुकानासमोर बारा महिने डबकं. मला वाटलं, आहे ते डबकं. होतं डबकंच, पण त्याला खोलीही होती!

धाडकन!

पुढचं डावं चाक आत गेलं, गाडी तिरपी झाली, माझं डोकं छताला लागलं आणि छपरावरचा पिवळा फलक सुटून थेट लाँड्रीच्या काउंटरवर, इस्त्रीच्या शर्टांच्या गठ्ठ्यावर जाऊन पडला. लाँड्रीवाले काका फलक हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी एकदा फलकाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"अच्छा, शिकताय वाटतं!" ते म्हणाले.

मेकॅनिकने गाडी ओढून नेली, खाली वाकून बघितली आणि डॉक्टरसारखी मान हलवली. टायर फुटला होता, रिम वाकली होती, आणि चाकाला आतून धरून ठेवणारा दांडाही वाकला होता. "सामान आहे माझ्याकडे. मंगळवारी गाडी घेऊन जा," तो म्हणाला.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं! ती खुर्चीत बसली आणि एवढंच म्हणाली, "शनिवारी कॅशियरबाईंची परीक्षा आहे हो."

कॅशियरबाई म्हणजे बायकोची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी. नोटा डोळे मिटून मोजतील, पण स्टिअरिंग हातात आलं की डोळेच मिटतात! परीक्षेत तीनदा नापास. आता त्यांना बँकेने मॅनेजर करायचं ठरवलंय, पण शाखा घाटापलीकडे, जिथे बसही जात नाही. लायसन्स मिळालं तर बढती, नाही तर बढती दुसऱ्याला आणि बाई पुन्हा काउंटरवर.

"चौकात नवीन क्लास निघालाय," बायको म्हणाली. "दोन-दोन गाड्या आहेत त्यांच्याकडे. तीनदा नापास होऊनही बाई तिकडे गेल्या नाहीत. माझ्याकडेच आल्या. या वेळी त्या माझ्या गाडीवाचून अडल्या, तर मी कुठल्या तोंडाने क्लासची पाटी लावू?"

"अगं, मंगळवारी मिळतेय ना गाडी!" मी म्हणालो. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "थांब! मिळता कामा नये!"

"काय?"

"दुरुस्ती करायची नाही! हा खड्डा कुणाचा? नगरपालिकेचा! मग खर्च कुणाचा? नगरपालिकेचा! आपण भरपाई मागायची. आणि तपासणी होईपर्यंत स्क्रूसुद्धा हलवायचा नाही!"

"विमा आहे की आपला."

"विम्यात टायर-रिम बसत नाहीत. हे मी रोज लोकांना सांगतो."

"मला भरपाई नकोय हो. मला गाडी हवीय."

"दोन्ही मिळेल! शुक्रवारी गाडी दारात उभी करतो. माझा शब्द!"

बायको खुर्चीतून उठली. "शुक्रवारी नाही आली ना," ती म्हणाली, "तर मी तुमच्याशी बोलणार नाही, असं म्हणणार नाही मी. मी बोलेन. भरपूर बोलेन."

मी मेकॅनिकला फोन करून बजावलं, गाडीला बोट लावायचं नाही. मग हातात पट्टी घेऊन कोपऱ्यावर गेलो, खड्ड्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि सोमवारी सकाळी नगरपालिकेचं दार उघडायच्या आधी दारात हजर झालो.

खिडकीमागच्या कारकुनाने अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "फार छान लिहिलाय हो," तो म्हणाला. माझा ऊर भरून आला! माणसाला स्वतःच्या क्षेत्रातली दाद मिळाली की कसं भरून येतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

"शुक्रवारी सकाळी इंजिनिअरबाई जागेवर येतील तपासणीला," तो म्हणाला आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठप्पा मारला. "ही प्रत रस्ते विभागाला."

"ती कशाला?"

"खड्डा बुजवायला. नवीन मुख्याधिकारी आलेत ना! तक्रार आली की दुसऱ्या दिवशी खड्डा बुजलाच पाहिजे. फार कडक आहेत."

मी खिडकीत डोकं घातलं. "म्हणजे उद्याच बुजवणार? आणि तपासणी शुक्रवारी?"

"हो. पण त्याचं काय आहे, आमच्याकडे—"

पुढचं ऐकायला मी थांबलोच नाही. तीनच्या तीन जिने उतरून मी रस्त्यावर! ही नगरपालिका! जन्मात कधी वेळेवर काम केलं नाही, आणि आता करणार? तेही नेमकं माझ्या खड्ड्यावर? एका हाताने तपासणी ठेवायची आणि दुसऱ्या हाताने पुरावा बुजवायचा, ही चलाखी मला नवीन नव्हती. आमच्या विभागातही थोड्याफार फरकाने हेच चालतं!

मंगळवारी मी ऑफिसला रजा टाकली आणि सकाळपासून कोपऱ्यावर उभा राहिलो. खरंच आले हो! ट्रक, खडी, वाफाळतं डांबर, एक छोटा रोलर आणि पुढे मुकादम, पोट थोडं सुटलेला, चेहऱ्याने अगदी सज्जन. त्याने हातातला कागद बघितला, खड्डा बघितला आणि माणसांना खूण केली.

मी बुटांसकट खड्ड्यात उतरलो.

"साहेब, बाहेर या," मुकादम म्हणाला.

"येणार नाही!"

"अहो, खड्डा बुजवायचाय."

"बुजवू देणार नाही!"

मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं. "साहेब, खड्डा बुजवत नाही म्हणून शिव्या घालणारे खूप बघितले. बुजवतो म्हणून रागावणारे तुम्ही पहिलेच."

"शुक्रवारपर्यंत या खड्ड्याला कुणी हात लावायचा नाही!"

"पण बुजवायच्या आधी आम्ही स्वतः—"

"तुम्ही स्वतः काहीही करायचं नाही!" मी गरजलो. माझा आवाज चांगलाच चढला असावा, कारण वरच्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावू लागली. त्यातच आमच्या वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर होते. निवृत्त झाल्यापासून या रस्त्याविरुद्ध तक्रारी लिहिणं हेच त्यांचं आयुष्य. ते अर्ध्या दाढीला लावलेल्या फेसासकट, टॉवेल खांद्यावर टाकून खाली धावत आले.

"शाब्बास!" ते ओरडले. "हलू नका! नुसता एक खड्डा बुजवून आमच्या तोंडाला पानं पुसताय? सगळा रस्ता नवीन करून मिळाल्याशिवाय बाहेर यायचं नाही!"

"मास्तर, मला रस्ता नकोय! मला खड्डा हवाय!"

"ऐकलंत?" मास्तर जमलेल्या लोकांकडे वळले. "किती बोचरा उपरोध आहे बघा! अहो, रस्त्याची इतकी दुर्दशा झालीय की माणूस खड्डा मागायला लागलाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी मला खुर्ची आणून दिली, कुणी चहा. मी खड्ड्याच्या काठाला खुर्ची टाकून, पाय आत सोडून बसलो. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं! इतकी वर्षं ऑफिसात लोक माझ्या नावाने बोटं मोडतात; आज पहिल्यांदाच कुणी माझ्यासाठी टाळ्या वाजवत होतं.

"साहेब, डांबर थंड होतंय," मुकादम काकुळतीला आला. "मला वर जाब द्यावा लागतो. मग इथे सही करा. 'काम करण्यास नागरिकाने मज्जाव केला.' नाव, पत्ता, तारीख."

"आणा इकडे!" मी म्हणालो आणि झोकात सही ठोकली. खाली दोन रेघाही ओढल्या.

मुकादम जाताना खड्ड्याशेजारी 'सावधान' असा तांबडा फलक उभा करून गेला. तो दिसेनासा झाल्याबरोबर मी फलक उचलला आणि लाँड्रीत भिंतीला टेकवून ठेवला. का? कारण तपासणीत फलक दिसला की इंजिनिअरबाई म्हणणार, सूचना दिली होती, तरी तुम्ही गेलात! हे डावपेच मला नका शिकवू! शिवाय फलकाची गरजच काय? मी स्वतः उभा होतो ना! दिवसभर मी हात हलवून गाड्या बाजूने काढत होतो. "या, या, इकडून! थोडं डावीकडे! वा, सुंदर!" संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की या रस्त्यावर इतकी सुरळीत वाहतूक कधीच झाली नव्हती.

पण चांगल्या माणसांपासून सावध राहावं म्हणतात ते उगीच नाही! बुधवारी सकाळी येऊन बघतो तर काय, खड्ड्यात विटांचे तुकडे! लाँड्रीवाल्या काकांनी स्वतः उठून भरले होते.

"काका, हे काय केलंत!"

"अहो, तुम्ही एवढे आमच्यासाठी झटताय. म्हटलं, आपणही खारीचा वाटा उचलावा."

मी कपाळावर हात मारला. घरी धावत गेलो, स्वयंपाकघरातली मोठी पळी आणली आणि गुडघ्यांवर बसून एक-एक तुकडा उपसून काढला. आता ओल्या मातीत पळी घातली की विटांबरोबर थोडी खडीही निघते. त्यात माझा काय दोष? खड्डा आधी ताटाएवढा होता, तो परातीएवढा झाला. मास्तर बाजूला उभे राहून शेजाऱ्यांना सांगत होते, "बघा, स्वतःच्या हातांनी साफ ठेवतात. याला म्हणतात निष्ठा!"

नेमकं त्याच वेळी समोरून थोरल्या मेव्हण्याची निळी गाडी आली. मेव्हणा त्या गाडीला इतका जपतो की पावसाची शक्यता असली तरी ती बाहेर काढत नाही. बहिणीची अडचण बघून त्याने काळजावर दगड ठेवून ती चार दिवस दिली होती. स्टिअरिंगवर कॅशियरबाई, शेजारी बायको. मी पळीने इशारा करून त्यांना बाजूने काढलं. बायकोने काच खाली केली.

"ती माझी पळी आहे?"

"पुराव्यासाठी आहे."

"अहो, दादाच्या गाडीत दुसरा ब्रेक नाही. बाई चुकल्या की माझा पाय नुसता खाली आपटतो. काल दिवसभरात तळवा सुजला माझा. मेकॅनिक म्हणतोय, सामान पडून आहे, तुम्ही हो म्हणा, संध्याकाळी गाडी देतो."

"दोनच दिवस, गं! जिंकत आलोय मी!"

"तुम्ही जिंकताय," बायको म्हणाली आणि तिचा आवाज चिरका झाला, "पण नुकसान माझं होतंय, ते दिसतंय का तुम्हाला? गाडी माझी, क्लास माझा, आणि मला एकदाही विचारलं नाहीत!"

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण हातात पळी असताना माणसाला धड माफीही मागता येत नाही. मी काही बोलायच्या आत कॅशियरबाईंनी गाडी तीन गचके देऊन पुढे नेली.

शुक्रवार उजाडला! मी इस्त्रीचा कोट घालून, खड्ड्यातलं पाणी पळीने उपसून, कडा पुसून तयार. मागे मास्तर, लाँड्रीवाले काका आणि अर्धी गल्ली. इंजिनिअरबाई स्कूटरवरून आल्या, मागे मुकादम. बाईंनी टेप आत सोडली, आडवी लावली, उभी लावली.

"कडा ताज्या दिसतायत," बाई म्हणाल्या.

"पाण्याने हो, पाण्याने!" मी घाईघाईने म्हणालो.

"छे, छे! रोज पळीने साफ करतात!" मास्तर अभिमानाने म्हणाले. कुणी विचारलं होतं का यांना?

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग फाइलमधले माझे फोटो बघितले. "असू दे. रविवारच्या फोटोत पट्टी लावून माप दाखवलंय तुम्ही. त्यावरून तुमचा दावा नियमात बसतो. भरपाई मिळेल."

मिळेल! ऐकलंत? मिळेल! मी मास्तरांना मिठी मारली. मुकादमाचा हात हातात घेऊन गदागदा हलवला. आणि तेवढ्यात कोपऱ्यावरून निळी गाडी वळली. कॅशियरबाईंची शेवटची उजळणी! कधी एकदा बायकोला सांगतो असं मला झालं. मी रस्त्याच्या मधोमध धावलो, दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवू लागलो. "ये! ये! मिळाली! लवकर ये!"

आता कॅशियरबाईंचा यात काय दोष? गेले तीन दिवस हा माणूस जिकडे हात दाखवेल तिकडून जायचं, हे त्यांना पाठ झालं होतं. मी 'ये' म्हणत होतो आणि माझ्या समोर खड्डा होता. बाई आल्या. सरळ, आत्मविश्वासाने, चांगल्या वेगात!

"ब्रेक!" बायको किंचाळली आणि तिने स्वतःचा पाय जीव खाऊन खाली दाबला. खाली काय होतं? पायपुसणं!

धाडकन!

परातीएवढा खड्डा होता. निळी गाडी त्यात अशी बसली की मोजून मापून केल्यासारखी. चाकाची टोपी निसटून घरंगळत आली आणि इंजिनिअरबाईंच्या पायाशी गोल गोल फिरून आडवी झाली. कुणाला लागलं नव्हतं, देवाची कृपा! कॅशियरबाई स्टिअरिंग धरून बसल्या होत्या, आणि डोळे चक्क उघडे होते.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," मास्तर हळूच म्हणाले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच हळू बोलले.

मी मात्र डगमगलो नाही. "बाई!" मी म्हणालो, "तुमच्या डोळ्यांदेखत झालं! दुसरा दावा लगेच लिहून घ्या!"

"पहिला अपघात आमच्या खड्ड्यात झाला," इंजिनिअरबाई शांतपणे म्हणाल्या. "पण हा खड्डा आता आमचा नाही."

"मग कुणाचा?"

मुकादमाने कागद पुढे केला. माझी सही, खाली दोन रेघांसकट.

"मंगळवारी आमची माणसं बुजवायला आली होती. तुम्ही अडवलंत. सावधानचा फलक लावला, तो कुठे आहे?"

"माझ्या दुकानात!" लाँड्रीवाले काका मदत करायला तत्पर. "यांनीच आणून ठेवलाय, सुखरूप आहे!"

"मग तेव्हापासून या खड्ड्यात जे होईल त्याची जबाबदारी यांची," बाई म्हणाल्या.

"पण पुरावा!" मी कळवळलो. "तुम्ही तपासणीआधी पुरावा बुजवून टाकत होता!"

"अहो, मुकादम बुजवायच्या आधी माप घेतात, फोटो काढतात, सही करतात. तेच मी धरते. मी काय रोज खड्डे बघत हिंडू?"

"हेच सांगत होतो साहेबांना," मुकादम म्हणाला.

"आणि गाडी?" बायको केव्हा उतरून शेजारी येऊन उभी राहिली होती, मला कळलंही नव्हतं. "गाडी दुरुस्त करून चालली असती?"

"हो. मोडलेले भाग तेवढे दाखवायचे. सगळे तसंच करतात."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने फोन काढला. "मेकॅनिकदादा? माझ्या गाडीचं काम सुरू करा. आत्ता. मी येतेय." मग इंजिनिअरबाईंकडे वळून अगदी गोड आवाजात विचारलं, "बाई, या दुसऱ्या अपघाताचा अर्ज कसा करायचा? यांच्याविरुद्ध?"

बाईंनी तिला सगळं समजावून सांगितलं. दोघींचं फार पटकन जमलं. तोवर मुकादमाच्या माणसांनी निळी गाडी उचलून बाहेर काढली आणि खड्डा बुजवला. वरून रोलर फिरला. मी बघत उभा राहिलो. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

संध्याकाळी पांढरी गाडी दारात उभी राहिली. बायको दिवसभर मेकॅनिकच्या शेजारी बसून होती. शनिवारी परीक्षेच्या मैदानाबाहेर मी कुंपणाला नाक लावून उभा होतो, आणि सांगतो तुम्हाला, माझ्या स्वतःच्या परीक्षेला मी इतका घाबरलो नव्हतो! परीक्षकाने मधेच "थांबवा!" म्हटलं आणि कॅशियरबाईंनी असा ब्रेक मारला की त्याच्या हातातलं पेन पुढच्या काचेवर आपटलं. पास! बाई गाडीतून उतरल्या त्या रडत-हसतच. "खड्ड्यात पडले आणि भीतीच गेली!" त्या म्हणाल्या. "म्हटलं, यापेक्षा वाईट काय होणार?" बायकोने त्यांना घट्ट धरलं. तिचेही डोळे भरले होते. मीही पुढे झालो, पण मला कुणी धरलं नाही.

नगरपालिकेची भरपाई आली. वेळेवर आली! बायकोच्या नावाने आली, आणि बायकोनेच ठेवली.

राहिली निळी गाडी. भरपाई आली त्या रात्री जेवणं झाल्यावर बायकोने टेबल पुसलं, कोरे कागद ठेवले, पेन ठेवलं.

"दादाच्या वतीने अर्ज लिहायचाय. तुमच्याविरुद्ध."

"मग लिही की."

"मला कुठे येतं? तुम्हालाच छान जमतं हे. खिडकीतल्या माणसानेही म्हटलं होतं ना, फार छान लिहिलाय म्हणून?"

लिहिला. सुरुवातीला हात चालेना, पण एकदा लय सापडल्यावर भराभर लिहीत गेलो. घटना, ठिकाण, कारण, गैरअर्जदाराचा निष्काळजीपणा, साक्षीदार म्हणून हेडमास्तर, लाँड्रीवाले काका, मुकादम आणि खुद्द नगरपालिकेच्या इंजिनिअरबाई! मग सवयीने खोट काढायला बसलो. एकदा वाचला. दुसऱ्यांदा उलटा, शेवटाकडून वाचला. दिव्याखाली धरून वाचला. काही नाही हो! एक पळवाट नाही, एक फट नाही! इतका चोख दावा माझ्या नोकरीत माझ्या टेबलावर आला नव्हता.

"झालं का?" बायकोने आतून विचारलं.

"झालं."

"मग काय ठरलं?"

आता काय ठरणार? घरात 'मंजूर'चा शिक्का नव्हता, म्हणून हातानेच लिहिलं.